घर सोडून अडीच वर्षं झाली, आणि आता जुन्या कौन्सिल टॅक्सची वसुली

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको आणि लहान मुलगी. पूर्व लंडनमध्ये भाड्याचा फ्लॅट होता, करार दोघांच्या नावावर, १ ऑक्टोबर २०२२ ते ३० सप्टेंबर २०२३. नोकरी बदलली म्हणून १२ ऑगस्ट २०२३ ला मिल्टन कीन्सला राहायला गेले. लेटिंग एजंट म्हणाला, नवे भाडेकरू मिळालेत, किल्ल्या देऊन टाका. कौन्सिलला (इथली महापालिका, घरावरचा कौन्सिल टॅक्स तीच घेते) फोन केल्याचं आठवतं, पण लेखी काही नाही. जुलैपर्यंतचे चार हप्ते भरले होते, मग बँकेतून डायरेक्ट डेबिट बंद केलं. आता नव्या पत्त्यावर वसुली कंपनीचं पत्र आलंय: कोर्टाचा हुकूम झालेला आहे, १,०६० पौंड भरा, नाहीतर माणूस घरी येईल. मधल्या काळात बिल, रिमाइंडर, समन्स यांतलं काहीच हाती पडलं नाही. विचारलंय ते असं: हे पैसे खरंच आम्हाला लागतात का, आमची गाडी उचलतील का, आणि पुढच्या वर्षीच्या सेटलमेंटच्या (कायमच्या वास्तव्याच्या) अर्जावर याचा डाग पडेल का?

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं कर्ज-सल्ल्याचं काम करते आणि घर बदलल्यावर उगवणारी ही थकबाकी माझ्याकडे सतत येते. आपली माणसं यात हमखास दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर घाबरून त्याच संध्याकाळी कार्डाने सगळे पैसे भरून मोकळी होतात, नाहीतर ‘आपण तर तिथे राहतच नव्हतो’ म्हणून पत्र खणात टाकतात. दोन्ही करू नका. पहिल्यात नाहक पैसे जातात. दुसऱ्यात रक्कम वाढते. पत्र आलं तेव्हाच तुमच्या खात्यावर वसुलीच्या पहिल्या टप्प्याचे ७५ पौंड चढलेले आहेत. मुदतीत तुम्ही काहीच केलं नाही आणि माणूस दारात आला की आणखी २३५ चढतात. हे आकडे २०१४ साली लागू झालेल्या नियमांतले आहेत. म्हणून आज दोन कामं करा. वसुली कंपनीला ईमेल करून कळवा की या कराच्या देण्याबद्दल वाद आहे आणि मी कौन्सिलला लिहीत आहे. आणि कौन्सिलला लिहा की उत्तर देईपर्यंत हे खातं कंपनीकडून परत घ्या किंवा निदान थांबवा. थांबवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक नाही, पण मुद्देसूद पत्र गेलं की बहुतेक कौन्सिलं थांबवतात.

त्याआधी एक खातरजमा. पत्रावरच्या नंबरला फोन करू नका. कौन्सिलच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि असं खातं खरंच आहे का, हे विचारा. खोट्या वसुलीची पत्रंही फिरत असतात. दारात येणाऱ्या वसुली एजंटाकडे न्यायालयाचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि त्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर नावानिशी शोधता येते.

आता रक्कम सुटी करून बघू. तुमच्या फ्लॅटचं २०२३-२४ चं वर्षाचं बिल १,५०० होतं. एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते, दरमहा १५०. तुम्ही चार भरले, म्हणजे ६००. राहिले ९००. त्यात कोर्टाचा खर्च म्हणून कौन्सिलने लावलेले ८५ आणि वसुलीचे ७५ मिळवा: १,०६०. म्हणजे कौन्सिलने तुम्हाला थेट ३१ मार्च २०२४ पर्यंतचा कर लावला आहे. तुम्ही घर सोडल्याची नोंद त्यांच्याकडे नाही, एवढाच याचा अर्थ. कोणी मुद्दाम तुमच्या मागे लागलेलं नाही. संगणकात शेवटची तारीख रिकामी राहिली आणि पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, जे तुम्हाला पूर्ण आवडणार नाही. १,०६० लागत नाहीत. पण ‘१२ ऑगस्टला आम्ही निघालो, तिथून पुढे काही लागत नाही’ हेही बहुधा टिकणार नाही.

आपल्याकडे पुण्यात किंवा ठाण्यात घरपट्टी भरायची ती घरमालकाने. भाडेकरूने महिन्याचं भाडं दिलं की त्याचा महापालिकेशी संबंध संपला. त्यामुळे इथे आल्यावर मनात असतं की घर सोडलं की संपलं, उरलेलं मालक आणि कौन्सिल बघून घेतील. १९९३ पासून इथे चालू असलेल्या कौन्सिल टॅक्सची मांडणी वेगळी आहे. १९९२ च्या लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स ॲक्टच्या कलम ६ मध्ये एक उतरंड दिली आहे. घरात राहणारा मालक सर्वांत वर, मग तिथे राहणारा लांब पट्ट्याचा लीजधारक, मग राहणारा भाडेकरू, मग नुसती परवानगी घेऊन राहणारा, मग कसलाही हक्क नसलेला पण राहणारा. घरात कोणीच राहत नसेल तर सगळ्यांत शेवटी ‘ओनर’. वरून खाली बघत यायचं आणि जो पहिला सापडेल त्याने कर भरायचा.

खोच त्या शेवटच्या पायरीत आहे. या कायद्यात ‘ओनर’ म्हणजे ज्याच्या नावावर खरेदीखत आहे तोच, असं नाही. सहा महिने किंवा त्याहून जास्त मुदतीचा भाडेकरार ज्याच्याकडे आहे, तो घर रिकामं असताना ‘ओनर’ ठरतो. तुमचा करार बारा महिन्यांचा होता. म्हणजे तुम्ही १२ ऑगस्टला सामान हलवलंत तरी फ्लॅट रिकामा असेतोवर आणि करार जिवंत असेतोवर कर तुमच्याच नावावर पडत राहतो, अगदी ३० सप्टेंबरपर्यंत. त्याच दिवसांचा कर मिल्टन कीन्सलाही भरलेला असेल. दोन घरांचा कर एकाच काळात लागू शकतो, आणि ‘एका माणसाकडून दोनदा कर कसा घेता’ हा मुद्दा कुठेच चालत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक याच मुद्द्यावर सगळी ताकद खर्च करून आलेले असतात, म्हणून हे आधीच सांगते.

मग तुमची सुटका कशात आहे? दोन गोष्टींत, आणि दोन्हींसाठी तारीख हवी.

पहिली म्हणजे करार मुदतीआधी संपला होता का. मालकाने किंवा त्याच्या वतीने एजंटाने घर परत घेतलं, किल्ल्या स्वीकारल्या, पुढचं भाडं मागितलं नाही आणि डिपॉझिट त्या तारखेचा हिशोब करून परत केलं, तर करार त्या दिवशी आपसात संपला असं म्हणता येतं. नुसत्या किल्ल्या दिल्याने ते होत नाही; मालकाच्या बाजूनेही घर परत घेतल्याचं दिसावं लागतं. तुम्ही सप्टेंबरचं भाडं भरलंत का, हे आधी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा. भरलं असेल तर करार ऑगस्टमध्ये संपला, हे पटवणं फार कठीण जाईल. भरलेलं नसेल आणि डिपॉझिटमधूनही कापलेलं नसेल, तर तुमचं म्हणणं भक्कम आहे.

दुसरी म्हणजे नवे भाडेकरू कधी राहायला आले. ते राहू लागले त्या दिवसापासून उतरंडीत ते तुमच्या वर गेले. तुमच्या कराराचं काय झालं हा प्रश्नच मग उरत नाही. घरात राहणारा माणूस असताना कर शेवटच्या पायरीपर्यंत येत नाही. लेटिंग एजंटाला ईमेल करून एवढंच विचारा की पुढची टेनन्सी, म्हणजे भाडेकरार, कोणत्या तारखेला सुरू झाली. नावं मागू नका, ती तो देणार नाही आणि तुम्हाला लागतही नाहीत. कौन्सिलला त्या पत्त्यावर नवं खातं उघडल्याची तारीख स्वतःच दिसते, आणि तेव्हा दुसऱ्यांकडून कर घेतला असेल तर त्याच दिवसांचा तुमच्याकडून मागता येत नाही.

हिशोब करून दाखवते, कारण कर दिवसावर लागतो. एखाद्या दिवसाच्या अखेरीला जी स्थिती असेल तीच दिवसभर होती असं धरतात. म्हणून ज्या दिवशी देणं संपतं तो दिवस धरत नाहीत. २०२३-२४ मध्ये फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, म्हणून वर्ष ३६६ दिवसांचं.

करार ३० सप्टेंबरपर्यंत चालला आणि तोवर घर रिकामं होतं, तर १८३ दिवस, म्हणजे बरोबर ७५०. तुम्ही ६०० भरलेत. देणं १५०.

नवे भाडेकरू समजा १ सप्टेंबरला आले, तर १५३ दिवस, सुमारे ६२७. देणं २७.

आणि एजंटाने १२ ऑगस्टलाच घर परत घेतलं असं सिद्ध झालं, तर १३३ दिवस, सुमारे ५४५. मग उलट कौन्सिलकडून तुम्हाला ५५ पौंड येणं आहे.

बघा, १,०६० कुठे आणि हे आकडे कुठे. तिसरा आकडा मिळावा असं वाटणं साहजिक आहे, पण त्यासाठी पुरावा नसेल तर पहिला आकडा मान्य करायची तयारी ठेवा. लेखी मान्य केलेले १५० पौंड आणि त्यामागचा नीट हिशोब पाहिला की कौन्सिलचा अधिकारी तुमचं बाकीचं पत्र वेगळ्या नजरेने वाचतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

ज्यांचा करार मुदतीनंतर महिन्या-महिन्याने आपोआप पुढे चालला होता, अशांसाठी इथे एक तपशील. करारातच ‘बारा महिने आणि त्यानंतर दरमहा’ असं लिहिलं असेल, तर तो सगळा मिळून एकच करार धरतात आणि नोटीस संपेपर्यंत देणं तुमचं राहतं. लीड्स कौन्सिल विरुद्ध ब्रॉडली या खटल्यात अपील कोर्टाने २०१६ मध्ये हे ठरवलं. करारात तसं काही नसेल आणि मुदत संपल्यावर कायद्यानेच महिन्याची टेनन्सी तयार झाली असेल, तर ती वेगळी, महिन्याची टेनन्सी. तिच्या काळात घर सोडलंत की रिकाम्या घराचा कर मालकावर जातो. हा निर्णय २०१२ च्या मॅकाट्राम विरुद्ध कॅम्डेन खटल्यातला. तेव्हा कराराचं मुदतीबद्दलचं कलम शब्दशः वाचा, एका वाक्यावर शेकडो पौंड फिरतात. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये रेंटर्स राइट्स कायद्याने मुदतीचे खासगी करार जाऊन महिन्याचे करार येतात, आणि त्यांत टेनन्सी संपेपर्यंत कर भाडेकरूवरच राहील अशी सोय त्याच कायद्यात केली आहे. त्यानंतर घर सोडणाऱ्यांना ही जुनी पळवाट मिळणार नाही.

आता तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट: आम्हाला न कळवता कोर्टात हुकूम झालाच कसा. तुमचा राग मला समजतो. पण कायदा असा की शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवलं की ते पोचलं असं धरतात. एक हप्ता चुकला की रिमाइंडर, सात दिवसांत न भरल्यास आणखी सात दिवसांनी उरलेल्या वर्षाचे सगळे पैसे एकदम देय, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, आणि निदान चौदा दिवसांनी सुनावणी. सुनावणीत शेकडो नावं एकत्र असतात. जो हजर नाही त्याच्या विरुद्ध काही सेकंदांत लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे देणं वसूल करायला परवानगी देणारा हुकूम, निघते. सगळी पत्रं तुमच्या जुन्या फ्लॅटवर पडली आणि नव्या भाडेकरूने ती दाराजवळच्या ढिगात टाकली. पुढे कधीतरी कौन्सिलने तुमचा माग काढला. क्रेडिट कंपन्यांच्या नोंदींवरून काढतात, मतदारयादीवरूनही. भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थचे म्हणून इथे मतदार होता येतं आणि आपल्यापैकी बरेच जण त्या यादीत असतात.

तुम्ही तेव्हा फोनवर नवा पत्ता दिला होता, हे सिद्ध करता आलं तर मात्र चित्र पालटतं. मग ‘शेवटचा माहीत असलेला पत्ता’ मिल्टन कीन्सचा होता आणि कौन्सिलने चुकीच्या दारात समन्स टाकलं. त्यासाठी कौन्सिलला डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्या खात्याच्या सगळ्या नोंदी मागा: फोनच्या नोंदी, पाठवलेल्या प्रत्येक बिलाची आणि समन्सची तारीख व पत्ता, लायबिलिटी ऑर्डरची तारीख. याला फी लागत नाही आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे त्या महिन्याचं मोबाइलचं बिल ईमेलमध्ये पडलं असेल तर तेही शोधा; कौन्सिलच्या नंबरला लागलेला अकरा मिनिटांचा कॉलसुद्धा बोलतो.

भांडायचं कुठे, हे नीट समजून घ्या. लोक बरोबर मुद्दा चुकीच्या दारात मांडतात आणि हरतात.

‘या दिवसांचा कर आम्हाला लागत नाही’, ‘घरात एकच प्रौढ होता, सूट मिळायला हवी होती’, ‘रक्कम चुकली’ हे सगळे प्रश्न व्हॅल्युएशन ट्रिब्युनलचे, म्हणजे अशा कराचे वाद ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायमंडळाचे. मॅजिस्ट्रेटला ते ऐकण्याचा अधिकारच नाही, तिथे हे बोललात तर तो तुम्हाला थांबवेल. ट्रिब्युनलला फी नाही, हरलात तरी समोरच्याचा खर्च डोक्यावर येत नाही, वकील लागत नाही, आणि लायबिलिटी ऑर्डर झाली असली तरी तिथे जाता येतं. मात्र आधी कौन्सिलला लेखी कळवावं लागतं. कौन्सिलकडे उत्तरासाठी दोन महिने असतात. नकार आला तर त्यानंतर दोन महिन्यांत अपील करायचं. उत्तरच आलं नाही तर तुमचं पत्र पोचल्यापासून चार महिन्यांच्या आत. या तारखा कॅलेंडरवर घालून ठेवा. अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. थांबवण्याची विनंती वेगळी करायची.

‘समन्स मिळालंच नाही, हुकूमच चुकीच्या पद्धतीने झाला’ हा मुद्दा मॅजिस्ट्रेट कोर्टाचा. हुकूम रद्द करण्याचा त्यांचा अधिकार अरुंद आहे. २००८ च्या न्यूहॅमच्या खटल्यात तीन गोष्टी सांगितल्या गेल्या: देण्याबद्दल खरा वाद असावा, हुकूम होताना प्रक्रियेत मोठी चूक किंवा गडबड झालेली असावी, आणि कळल्याबरोबर विनाविलंब अर्ज केलेला असावा. तिसरी अट तुमच्या हातात आहे, म्हणून कळल्याची तारीख जपा. पत्र आलं तो लिफाफाही फेकू नका. पण मी या दारात आधी जायला सांगणार नाही. हरलात तर खर्च लागू शकतो, आणि नव्वद टक्के काम त्याशिवाय होतं. हुकूम व्हायला नको होता असं कौन्सिललाच पटलं, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज कौन्सिल स्वतः करू शकते. तसं करा, असं त्यांना पत्रात मागा.

‘आम्ही पत्ता कळवूनही नोंद केली नाही, वाद कळवूनही माणूस पाठवला, सहा सहा आठवडे उत्तर दिलं नाही’ ही वागणुकीची तक्रार. ती कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे, आणि तिथे दाद मिळाली नाही तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), साधारण बारा महिन्यांच्या आत. कर लागतो की नाही हे ऑम्बड्समन ठरवत नाही. पण कौन्सिलच्या चुकीमुळे चढलेला खर्च परत करायला तो सांगू शकतो आणि सांगतो.

तुमचं पहिलं पत्र या तिन्हींची पायाभरणी करेल, म्हणून ते आजच्या आज ईमेलने जाऊ द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालेल. विषयात खाते क्रमांक आणि जुना पत्ता. पहिल्याच वाक्यात लिहा की हे लोकल गव्हर्न्मेंट फायनान्स ॲक्ट १९९२ च्या कलम १६ खालचं पत्र आहे आणि १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळाच्या देण्याला आमची हरकत आहे. त्याआधीच्या काळाबद्दल नव्या भाडेकरूंची तारीख तपासावी. कलमाचा उल्लेख केला नाही तर तुमचं पत्र ‘चौकशी’ म्हणून बाजूला पडतं आणि दोन महिन्यांची मुदत कधी सुरू झाली यावरच वाद होतो. मग तारखा ओळीने: करार कधीपासून कधीपर्यंत, किल्ल्या कधी दिल्या, नवं घर कधीपासून. मग मागण्या: बिल योग्य तारखेला बंद करा, सुधारित बिल नव्या पत्त्यावर पाठवा, लायबिलिटी ऑर्डर रद्द करण्याचा अर्ज करा किंवा निदान कोर्टाचा आणि वसुलीचा खर्च माफ करा, खातं कंपनीकडून परत घ्या. शेवटी एक वाक्य, की सुधारित बिलानुसार जे निघेल ते आम्ही लगेच भरू. रागाचं एकही वाक्य नको. एवढंसं पत्र, एका पानात.

सोबत जोडायचं ते असं: जुना भाडेकरार, एजंटाचा किल्ल्या घेतल्याचा ईमेल, चेक-आउटचा अहवाल, डिपॉझिट परत आल्याची नोंद, गॅस-विजेचं शेवटचं बिल मीटर रीडिंगसकट, सामान हलवणाऱ्या व्हॅनचं बिल, मिल्टन कीन्सचा करार आणि तिथलं कौन्सिल टॅक्सचं बिल. शेवटची दोन कागदपत्रं लोकांना सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. तुम्ही कुठे राहायला गेलात हे त्यांनी सिद्ध होतं, पण जुना करार कधी संपला हे नाही. म्हणून एजंटाचा ईमेल आणि डिपॉझिटचा हिशोब यांना वर ठेवा.

जुलैनंतर डायरेक्ट डेबिट बँकेतून बंद केलंत, तिथे गाडी रुळावरून घसरली. बँकेने कौन्सिलला एवढंच कळवलं की आता पैसे येणार नाहीत. घर सोडल्याचं नाही. घर बदलणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘मी घर सोडतोय’चा फॉर्म भरा, त्यात पुढचा पत्ता द्या, पोचपावतीचा ईमेल ठेवा, शेवटचं बिल येऊ द्या आणि त्यानंतरच डेबिट बंद करा. एजंट कळवेल यावर विसंबू नका. तोही कळवतो, पण त्याच्या सोयीच्या तारखेने.

खोल्या भाड्याने घेऊन चार-पाच जण एकत्र राहतात, त्यांच्यासाठीही थोडं. प्रत्येकाचा आपापल्या खोलीपुरता वेगळा करार असेल, तर अशा घराचा कर सहसा मालकावर असतो आणि तुमच्या नावाने आलेलं बिलच मुळात चूक असू शकतं. सगळ्यांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील, तर मात्र प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधील असतो. बाकीचे भारतात परतले तरी कौन्सिल एकट्याकडून सगळं मागू शकते. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर करमाफी आहे, आणि ती मागच्या तारखेपासूनही मिळते.

दुसरा प्रश्न, गाडीचा. कौन्सिल टॅक्ससाठी आलेला वसुली एजंट पहिल्यांदा आला असता दार तोडून किंवा तुम्हाला ढकलून आत येऊ शकत नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात येऊ शकत नाही. त्याला आत घेऊ नका; बोलायचं ते खिडकीतून किंवा फोनवर, आणि दारात कशावरही सही करू नका. एकदा शांतपणे आत घेतलंत आणि सामानाच्या यादीवर सही केलीत, की पुढच्या वेळी त्याचे अधिकार वाढतात. पण बाहेर उभी असलेली गाडी तो जप्त करू शकतो, तुमच्या ड्राइव्हवेवर असली तरी. तेव्हा कौन्सिलकडून लेखी ‘थांबवलं’ येईपर्यंत गाडी घरापासून लांब, शक्यतो मित्राच्या कुलूपबंद गॅरेजमध्ये ठेवा. खरोखरच पैशांची ओढाताण असेल आणि इतरही देणी थकली असतील, तर सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंजसारख्या मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घेता येते. साठ दिवस वसुली थांबते. एका वादग्रस्त बिलासाठी मात्र ती लागत नाही.

व्हिसावर असलेल्यांनी एक काळजी घ्यायची. ‘पब्लिक फंड्स नाहीत’ (ठरावीक सरकारी मदत घ्यायची नाही) ही अट असेल तर कमी उत्पन्नासाठी मिळणारं कौन्सिल टॅक्स रिडक्शन मागू नका. ते पब्लिक फंड धरलं जातं. कौन्सिलच्या माणसाने चांगुलपणाने ‘हार्डशिपचा अर्ज करा’ असं सुचवलं तरी आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. एकट्या प्रौढासाठीची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी मात्र पब्लिक फंड नाही, ती खुशाल मागा. या भीतीने आपले कित्येक जण हक्काची सूट सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिला सेटलमेंटचा प्रश्न. लायबिलिटी ऑर्डर ही गुन्ह्याची शिक्षा नाही, काउंटी कोर्टाचा निवाडाही नाही आणि ती क्रेडिट फाइलवर येत नाही. अर्जात गुन्ह्यांबद्दल विचारतात तिथे ती लिहायची नसते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा आर्थिक वर्तनही बघतात. त्यासाठी सुधारित बिल, भरल्याची पावती आणि कौन्सिलचं खातं बंद केल्याचं पत्र, ही तीन कागदं एका फाइलमध्ये एकत्र ठेवा.